एकतीस सह्यांचा अर्ज: कागलच्या शिलाई युनिटमधील एक प्रकरण

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका शिलाई युनिटमध्ये २३ जून २०२५ ला ३१ महिला कामगारांनी व्यवस्थापकाकडे सह्यांचा अर्ज दिला. विषय होता, ‘लाईन दोनवरील पुरुष कामगार लेडीज बाथरूम वापरतो, त्याचा बंदोबस्त करणेबाबत’. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराने त्या कामगाराला गेटवरूनच परत पाठवले. अर्जात जिला पुरुष म्हटले होते ती २७ वर्षांची पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री, सिंगल नीडल मशीनवर कॉलर जोडण्याचे काम करणारी.

हे प्रकरण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचे सदस्य, मनुष्यबळ अधिकारी आणि कामगार व महिला संघटनांचे कार्यकर्ते यांच्या प्रशिक्षणासाठी बांधले आहे. युनिट, तिथली माणसे, आकडे आणि तारखा रचलेल्या आहेत. कायदे, निकाल, मुदती आणि कोल्हापूरचे संदर्भ खरे आहेत. कायदा २०२५ च्या मध्यावर जसा लागू होता तसा दिला आहे, म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी नंतरच्या दुरुस्त्या आधी पाहून घ्याव्यात.

युनिट कसे होते

कामगार १८६, त्यात १४८ महिला. बहुतेक जणी कागल, मुरगूड, हातकणंगले आणि निपाणीकडच्या गावांतून येणाऱ्या. पाळी सकाळी साडेआठ ते पाच. चहाची सुट्टी १५ मिनिटे, जेवणाची ३० मिनिटे. महिलांसाठी कागदावर सहा संडास. त्यातले दोन तुंबलेले आणि एकाला आतून कडी नाही. म्हणजे वापरात तीन.

हा हिशेब सुरुवातीलाच करून पाहायला हवा होता. एका बाईला आत जाऊन, पाणी टाकून, बाहेर यायला तीन मिनिटे धरली तर जेवणाच्या अर्ध्या तासात एका संडासात दहा जणी होतात, तीन संडासांत तीस. उरलेल्या ११८ जणींनी काय करायचे? कामाच्या वेळेत उठावे तर लाईन सुपरवायझर तोंड वाकडे करतो, कारण एक मशीन थांबले की पुढच्या टेबलावरचा बंडल अडतो. मग बायका सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. उन्हाळी लागणे, लघवीला आग होणे, ओटीपोटात दुखणे हे या लाईनवरचे नेहमीचे बोलणे होते. पाळीच्या दिवसांत तर कित्येक जणी रजाच टाकत आणि हजेरी बोनस गमावत.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चे कलम १९ याबद्दल स्पष्ट होते. पुरेशी शौचालये हवीत, स्त्रिया व पुरुषांसाठी स्वतंत्र आणि बंदिस्त हवीत, उजेड आणि हवा हवी, स्वच्छता हवी, आणि कामगार कारखान्यात असेल तोवर कोणत्याही वेळी ती वापरता आली पाहिजेत. ‘सुट्टीतच जा’ हा नियम त्या कलमात बसत नाही. अर्ज आला तेव्हा हे कलम इथे आधीच मोडलेले होते, आणि त्याचा त्या नव्या कामगाराशी काहीही संबंध नव्हता.

ती कोण होती

शिरोळ तालुक्यातली. शाळा नववीत सुटली, वर्गात होणाऱ्या छळामुळे. त्यानंतर काही वर्षे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, स्त्रीवेषात फिरणाऱ्या जोगत्यांबरोबर डोक्यावर जग (देवीची मूर्ती असलेली टोपली) घेऊन फिरली, मग शिलाईचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि ९ जूनला ठेकेदारामार्फत कामाला लागली. आधारवर जन्माचे नाव आणि लिंग पुरुष. ठेकेदाराने हजेरीपटावर तेच उतरवले. ती पंजाबी ड्रेसवर युनिटचा कोट घालून येत होती आणि शेजारच्या बायका तिला पहिल्या आठवड्यापासून तिने सांगितलेल्या नावानेच हाक मारत होत्या.

पहिल्याच दिवशी ती पुरुषांच्या संडासाकडे गेली. दोन हेल्परांनी वाट अडवली, अंगाला हात लावला. त्यानंतर ती पाच वाजेपर्यंत पाणीच प्यायची नाही. २० जूनला बरोबरच्या दोघी ‘चल आमच्याबरोबर’ म्हणाल्या आणि ती महिलांच्या बाजूला गेली. तिसऱ्या दिवशी अर्ज.

इथे कोल्हापूरच्या सामाजिक चालीरीतीचा एक भाग समजून घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेच्या (यल्लम्माच्या) आंबील यात्रेला याच बायका जातात. मंगळवारी-शुक्रवारी दारात आलेल्या जोगत्याच्या परडीत पीठ-मीठ घालतात, हळदकुंकू लावतात, पाया पडतात. म्हणजे पारलिंगी माणूस त्यांना अनोळखी नाही. पण तो मान देवीचा आहे, त्या वाराचा आहे आणि उंबऱ्याच्या बाहेरचा आहे. शेजारच्या मशीनवर बसणारी, त्याच दराने पगार घेणारी, त्याच रांगेत उभी राहणारी बाई म्हणून तिला कुठे बसवायचे याचा रिवाज नाही. पूजा मिळते, बरोबरी मिळत नाही, आणि नोकरीच्या ठिकाणी तर बरोबरीचाच प्रश्न असतो.

पहिल्या ४८ तासांतल्या चार चुका

पहिली चूक ठेकेदाराची. तोंडी कामावरून काढणे. पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याचे कलम ३ नोकरी नाकारणे, नोकरीतून काढणे आणि नोकरीत अन्यायाची वागणूक या तिन्हींना मनाई करते. कलम ९ प्रत्येक आस्थापनेला नोकरी आणि बढतीत भेदभाव करण्यापासून रोखते. ठेकेदार मध्ये आहे म्हणून मूळ मालक सुटत नाही.

दुसरी चूक मनुष्यबळ अधिकाऱ्याची. त्याने हा अर्ज लैंगिक छळाची तक्रार म्हणून अंतर्गत समितीकडे पाठवला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक छळ म्हणजे नको असलेले वर्तन: स्पर्श, मागणी, शेरे, अश्लील चित्रे दाखवणे वगैरे. अर्जात तिच्या एकाही कृतीबद्दल आरोप नव्हता. आत जाणे, दार लावणे आणि बाहेर येणे एवढेच लिहिले होते. केवळ कोणी कोण आहे यावरून त्या कायद्याची चौकशी सुरू होत नाही. समितीच्या अध्यक्ष बाईंनी अर्ज लेखी कारण देऊन परत केला. त्यांचे हे काम बरोबर झाले.

तिसरी, ‘सीपीआरमधून (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून) तपासणीचा दाखला आण, मग बघू’ हे कार्यालयातल्या कोणीतरी दिलेले उत्तर. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार) निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले. २०१९ च्या कायद्याखाली केलेल्या २०२० च्या नियमांनीही ओळखपत्रासाठी वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी मागितलेली नाही. मालकाला तर असली तपासणी मागण्याचा अधिकार कोणत्याच कलमात नाही.

चौथी चूक सगळ्यात जास्त सद्भावनेने झाली. व्यवस्थापकाने सुचवले की तिने गेटवरच्या सुरक्षारक्षकाचा संडास वापरावा. तो शिलाई विभागापासून जवळपास तीनशे मीटर लांब, जाऊन येऊन आठ-दहा मिनिटे. सगळ्यांना वापरता येईल असा एखादा संडास बांधणे ही चांगली सोय आहे. २०२० चे नियम समान संधी धोरणात अशा सामाईक शौचालयांचा उल्लेखही करतात. पण एकाच माणसाला ‘तू फक्त तिथेच जायचेस’ असे सांगितले की तीच सोय बहिष्कार बनते. या दोन्हींतला फरक प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

त्याच दिवसांत कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक मजकूर फिरत होता: ‘ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, पारलिंगी स्त्री ही स्त्री नाही.’ १६ एप्रिल २०२५ चा हा निकाल खरा आहे. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या प्रकरणात त्या न्यायालयाने म्हटले की तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात स्त्री या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून घ्यायचा. मात्र लिंगबदलाच्या आधारावर पारलिंगी व्यक्तींना त्याच कायद्याने दिलेले संरक्षण कायम आहे हेही त्याच निकालात आहे, आणि गटावरच्या मजकुरात ते नव्हते. तो तिथल्या एका कायद्याच्या शब्दांचा अर्थ आहे. आपल्याकडे रचना वेगळी आहे: नालसा निकाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १५, १६, १९ आणि २१ वर उभा आहे. परदेशी निकाल कागलच्या युनिटला बंधनकारक नाही. अर्ज देणाऱ्या बायकांना हे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला आणि तो कारणी लागला, कारण ‘कोर्टाने सांगितलंय’ या समजुतीवर निम्म्या सह्या झालेल्या होत्या.

अर्ज ओळीने वाचल्यावर

तक्रार निवारण अधिकारी नेमणे २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. इथे तो नव्हताच. २७ जूनला लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ महिलेला हे काम दिले गेले. २०२० च्या नियमांतल्या नियम १३ प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत चौकशी आणि अहवालानंतर १५ दिवसांत प्रमुखाची कार्यवाही. पहिल्याच दिवशी दोन आदेश निघाले: कामगाराला मधल्या दिवसांच्या पगारासह परत कामावर घेणे, आणि सह्या करणाऱ्यांपैकी कोणावरही शिस्तभंगाची कारवाई न करणे. दुसरा आदेश पहिल्याइतकाच गरजेचा होता. ३१ जणींना ‘तुम्ही कायदा मोडला’ म्हणून धमकावले असते तर पुढे एकीनेही तोंड उघडले नसते.

मग अर्जातले पाच मुद्दे सुटे केले आणि सही करणाऱ्या प्रत्येकीशी एकटीशी बोलणे झाले. घोळक्यात विचारले की सगळ्या एकच उत्तर देतात. इथे वीस मिनिटे एकीला, बंद खोलीत, सुपरवायझर नाही, नोंद तिला वाचून दाखवायची.

पहिला मुद्दा: कागदोपत्री तो पुरुष आहे. हे त्या दिवशी खरे होते, आणि उपाय कागदपत्रांचाच आहे. त्याबद्दल पुढे येते.

दुसरा: दाराला कडी नाही. हाही खरा, आणि तिच्या येण्याआधी किमान वर्षभराचा. कडी बसवायला एक सुतार आणि अर्धा दिवस लागला.

तिसरा मुद्दा कपडे बदलण्याच्या खोलीचा, आणि यातच खरा पेच होता. पाच वाजता बायका कोट काढून साडी नेसतात किंवा घरचा ड्रेस घालतात. मोठी उघडी खोली, मध्ये पडदाही नाही. एका बाईने सांगितले की लहानपणी घरातच जे भोगले त्यामुळे पुरुषी शरीर असलेल्या कोणासमोरही तिला ब्लाउज बदलणे जमणार नाही, समोरची व्यक्ती कितीही चांगली असली तरी. हा द्वेष नाही. हे ऐकून ‘तुम्ही मागासलेल्या आहात’ म्हणणारा कार्यकर्ता स्त्रियांच्या हक्कांची बाजू समजलेला नाही. पण या बाईच्या भीतीवरून दुसरीला खोलीबाहेर काढणेही न्यायाचे होत नाही. तिने काही केलेले नव्हते, आणि ती स्वतःही सगळ्यांसमोर कपडे बदलू शकत नव्हती. ती पाचनंतर कोटावरच बसस्टॉपला जात होती.

उत्तर सुताराकडचेच निघाले. खोलीत सिमेंट बोर्डाचे पाच कप्पे केले, चार फूट बाय चार फूट, उंची सात फूट, दाराखालची फट चार इंचांपेक्षा जास्त नाही, आतून कडी, दोन खुंट्या, प्रत्येक कप्प्यावर दिवा. कप्पे सगळ्यांसाठी. पहिल्या आठवड्यातच दिसले की ते सर्वात जास्त वापरतात त्या बाळंतपणानंतर नुकत्या परतलेल्या तरुण मुली, ज्यांना छातीतून दूध येते म्हणून कपडे बदलायला संकोच वाटत होता. असे कप्पे करताना दोन ठिकाणी घोळ होतो. उंची पाच फूट ठेवली की वरून दिसते, आणि कडी बाहेरून बसवली की कोणीतरी कोणाला तरी कोंडते. दोन्ही आधीच टाळावे.

चौथा मुद्दा: उद्या कोणीही पुरुष साडी नेसून आत येईल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. मुंबई उच्च न्यायालयानेही ती विचारात घेतली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला होता. औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ ला तो स्वीकारायला सांगितले. अंजली यांनी न्यायालयात निवेदन केले होते की संधी साधण्यासाठी आपण पुन्हा पुरुष म्हणून वावरणार नाही, आयुष्यभर स्त्री हीच ओळख ठेवू. पुढे पारलिंगींसाठीच वेगळे आरक्षण आले तर त्याचा अपवाद. न्यायालयाने ते नोंदवून घेतले. युनिटच्या धोरणात त्याच धर्तीवर वाक्य घातले: कामगार रोजच्या व्यवहारात सातत्याने ज्या ओळखीने वावरतो ती ओळख मान्य, आणि महिलांच्या जागेत कोणीही, कोणत्याही ओळखीने, गैरवर्तन केले तर कारवाई वर्तनावर. ओळख मान्य केली म्हणून वर्तनाची मुभा मिळत नाही, हे वाक्य सभेत तीन वेळा वाचून दाखवले.

याच चौथ्या मुद्द्यावर एकेकीशी बोलताना जे बाहेर आले ते अर्जात कुठेच नव्हते. महिलांच्या संडासाच्या भागात पुरुष आधीपासून येत होता. लाईन सुपरवायझर. दहा मिनिटे झाली की येऊन दारावर थापा मारायचा, ‘आत झोपली काय’ म्हणून ओरडायचा, बाहेर आलेल्या बाईकडे खालपासून वरपर्यंत बघायचा. एकतीसपैकी एकोणीस जणींनी हे सांगितले. त्याच्याविरुद्ध अर्ज का नाही दिला? कारण हजेरी आणि ओव्हरटाइम त्याच्या हातात. जिच्या हातात काही नाही तिच्याविरुद्ध सही करणे सोपे असते. ही तक्रार मात्र २०१३ च्या कायद्यात नेमकी बसत होती. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, ती नजीकच्या घटनांना लागू होत होती. सात जणींनी लेखी तक्रार दिली, समितीने चौकशी ९० दिवसांच्या आत पूर्ण केली आणि त्या माणसाला लाईनवरून हटवले.

न सुटलेला मतभेद

अंतर्गत समितीवरच्या बाहेरच्या सदस्य बाई देवदासी निर्मूलनाच्या कामातल्या. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूर वागणूक देण्याविरुद्ध कायदा केला, १९२० मध्ये जोगतिणी-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध केला. पुढे गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात कार्यकर्त्यांनी देवदासींना संघटित केले. त्या वारशातून आलेल्या या बाईंचे म्हणणे असे: मुलींना देवीला सोडणारी परंपरा आणि जोगत्यांची परंपरा एकाच झाडाच्या फांद्या आहेत, पारलिंगी हक्कांच्या नावाखाली तिला प्रतिष्ठा मिळू नये. शिवाय महिला म्हणून मिळालेल्या जागा आधीच थोड्या, त्यांचे निकष सैल होऊ नयेत.

या म्हणण्यातला पहिला भाग गंभीर आहे, पण तो या कामगाराला लागू पडत नाही. ती परंपरा सोडून पगारी कामाला आली होती. जोगवा मागण्यातून सुटका हवी असेल तर कारखान्याचे दार उघडे असावे लागते. ते बंद करून आपण तिला परत परडीकडेच पाठवतो. दुसऱ्या भागावर आमचे मत असे की शौचालय आणि राखीव जागा हे वेगवेगळे प्रश्न आहेत, त्यांची सरमिसळ केली की दोन्ही सुटत नाहीत. लघवीला जाण्याची गरज कोणाच्या वाट्याची जागा कमी करत नाही, पुरेसे संडास असतील तर. क्रीडा स्पर्धा, तुरुंग, राखीव मतदारसंघ यांतले प्रश्न अवघड आहेत आणि त्यांची उत्तरे या प्रकरणातून काढू नयेत. बाईंनी आपले मत बदलले नाही. अहवालावर भिन्न मताची टिपणी जोडून सही केली. तशी सोय ठेवावी. सगळ्यांनी एकमुखाने सही केलेला अहवाल बहुतेक वेळा कोणालातरी दाबून तयार झालेला असतो.

कागदपत्रे: क्रम आणि खाचखळगे

त्या पारलिंगी कामगार स्त्रीने १ जुलैला पारलिंगी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर ओळख प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला. नमुना १ मध्ये अर्ज, नमुना २ मध्ये प्रतिज्ञापत्र. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहणारा हवा. कागलच्या वसाहतीत निपाणी, चिकोडीकडून येणारे बरेच जण आहेत. त्यांचे राहणे कर्नाटकात असेल तर अर्ज बेळगाव जिल्ह्यातच करावा लागतो, कोल्हापुरात नाही. पूर्ण अर्जापासून ३० दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळायला हवे; तिला २६ दिवसांनी मिळाले. नाकारले तर कळवल्यापासून ९० दिवसांत अपील.

इथे २०१९ च्या कायद्यातलीच एक गाठ लक्षात ठेवावी. कलम ६ प्रमाणे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर लिंग ‘पारलिंगी’ असे येते, ‘स्त्री’ असे नाही. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर कलम ७ प्रमाणे शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून सुधारित दाखला घ्यावा लागतो. नालसा निकालाने शस्त्रक्रियेची अट नाकारली होती, म्हणून या कलमावर सातत्याने टीका झाली आहे, आणि ती योग्य आहे. व्यवहारात याचा परिणाम असा की ‘कागदावर बाई कुठे आहे’ हा प्रश्न प्रमाणपत्र मिळाल्यावरही परत येतो. युनिटने धोरणात लिहून टाकले की महिलांच्या सोयी वापरण्यासाठी कलम ७ चा दाखला मागितला जाणार नाही.

आधारबाबत घाई करू नये. आधारवरील लिंगाची नोंद साधारणपणे एकदाच बदलता येते. आज ‘पारलिंगी’ करून घेतले आणि दोन वर्षांनी ‘स्त्री’ करायचे झाले तर वेगळी, लांबलचक प्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रियेचा विचार आहे की नाही हे तिने ठरवूनच जावे, आणि तो निर्णय तिचाच. मालकाने त्यात पडू नये. आधार बदलले की त्याच आठवड्यात पॅन, बँक, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय यांतली नावे बदलायला घ्यावीत. एका ठिकाणी जुने आणि दुसऱ्या ठिकाणी नवे नाव राहिले की निधीचे केवायसी अडते आणि पगारातून कापलेले पैसे काढता येत नाहीत. प्रकरण मिटल्यावर बहुतेक जण इथेच थकतात. मनुष्यबळ विभागातल्या एका माणसाला हे काम नावानिशी वाटून द्यावे.

हजेरीपटावर आणि ओळखपत्रावर हाक मारायचे नाव छापायला मात्र कुठल्याच सरकारी दाखल्याची गरज नव्हती. ते पहिल्याच दिवशी करता आले असते.

तिच्या तक्रारीचे काय

ज्या दोन हेल्परांनी तिला अडवून हात लावला, त्यांचा विषय सगळ्यांच्या गडबडीत मागे पडला होता. २०१३ चा कायदा ‘पीडित महिला’ असा शब्द वापरतो, म्हणून तिची तक्रार समितीला घेता येईल का अशी शंका निघाली. नालसा निकाल पाहता ती घ्यावी असेच आमचे मत आहे. पण वादाला जागा नको म्हणून धोरणातच लिहावे की पारलिंगी कामगारांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समितीच ऐकेल. मालकाला आपल्या धोरणात असे संरक्षण वाढवता येते. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळाला सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड आहे. स्त्रीवरच्या गंभीर लैंगिक अत्याचाराला असलेल्या शिक्षेपुढे ही फारच कमी आहे, आणि या बाबतीत महिला संघटना आणि पारलिंगी संघटना एकत्र मागणी करू शकतात. इथे दोघांनाही लेखी ताकीद देऊन दुसऱ्या विभागात पाठवले. तिने पोलिसांत जायचे नाही असे ठरवले. तो तिचा अधिकार. कोणी गळ घालू नये, कोणी अडवूही नये.

युनिटने हे केले नसते तर? कलम ३ मोडल्याबद्दल त्या कायद्यात थेट शिक्षा नाही, हे त्याचे मोठे दुबळेपण. जिल्ह्यातला पारलिंगी संरक्षण कक्ष, सामाजिक न्याय विभाग आणि शेवटी उच्च न्यायालय असा मार्ग राहतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे सरकारी यंत्रणेच्या निष्क्रियतेविरुद्धच्या याचिकेसाठी मुंबईला जाण्याचा खर्च वाचतो. पुढे १७ ऑक्टोबर २०२५ ला जेन कौशिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरी गमावलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेला नुकसानभरपाई दिली आणि कायद्याच्या अंमलबजावणीतल्या ढिलाईबद्दल सरकारांना कडक शब्दांत सुनावले. आता खाजगी आस्थापनेशी बोलताना हा निकाल हातात ठेवावा.

पाचवा मुद्दा

अर्जातला शेवटचा मुद्दा सगळ्यांनी वाचला आणि सोडून दिला: ‘घरी कळले तर कामाला पाठवणार नाहीत.’ तक्रारीच्या भाषेत तो तक्रारच वाटत नाही. पण या बायकांचे काम घरच्यांच्या परवानगीवर चालते. सासरा, नवरा, दीर यांच्यापैकी एकाने ‘तसल्या ठिकाणी जायचं नाही’ म्हटले की आठ-नऊ वर्षांच्या अनुभवाची कुशल चेकर घरी बसते. अर्जावरच्या किती सह्या स्वतःच्या भीतीच्या होत्या आणि किती घरच्यांच्या भीतीच्या, हे एकेकीशी बोलल्यावर कळले: किमान अकरा जणींना तिच्याबद्दल वैयक्तिक काहीच हरकत नव्हती. त्यातल्या दोघी तर तिच्याबरोबर डबा खात होत्या.

यावर उपाय होता आणि तो करायला उशीर झाला. गावातले बोलणे अर्जाच्या दिवशीच घरोघर पोहोचले होते. युनिटने घरच्यांना बोलावले ते चौथ्या आठवड्यात. रविवारी सकाळी दोन तास, नवे कप्पे आणि दुरुस्त केलेले संडास दाखवले, सुपरवायझरला हटवल्याचे सांगितले, पारलिंगी कामगाराचे नाव न घेता धोरण वाचले. सत्तरेक घरांतून माणसे आली. त्यातल्या बऱ्याच पुरुषांनी विचारले ते संडासांबद्दल आणि बसच्या वेळेबद्दल. आपल्या घरातली बाई दिवसभर पाणी पीत नाही हे त्यांना पहिल्यांदाच समजत होते.

तोपर्यंत दोघींनी काम सोडले होते. दोघींच्या राजीनाम्यावर कारण ‘घरगुती’ असे आहे. एकीला तिच्या गटप्रमुखाने घरी जाऊन भेटून परत आणण्याचा प्रयत्न केला, सासू तयार झाली, नवरा झाला नाही. युनिटने तिची जागा तीन महिने रिकामी ठेवली आणि मग भरली. असा अर्ज दुसऱ्या युनिटमध्ये आला तर घरच्यांना बोलावण्याचा दिवस पहिल्या आठवड्यातच ठरवावा, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा अहवाल येण्याची वाट पाहू नये.